धुऱ्यावरची तूर आणि चिखल्याची गाडी

पुण्याहून निघताना माझ्या सामानात दोन साड्या, एक स्वेटर आणि साडेचार किलो हत्यारं होती. हत्यारांचं वजन नक्की माहीत आहे, कारण नवऱ्याने ती पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली आणि विचारलं, "तुला नुसतं बघायला बोलावलंय ना?"

बोलावलं नुसतं बघायलाच होतं. सुनंदा मेश्राम ही माझी मैत्रीण. तीन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी ती पुण्याला आली होती. वसतिगृहातलं जेवण चालेना म्हणून ओळखीने आमच्या घरी आली आणि पंधरा दिवस राहिली. ती भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या पुढे चिखल्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या शाळेतल्या पाच मुलींनी एक रोबोट केला होता आणि शनिवारी भंडाऱ्याजवळ शहापूरला जिल्ह्याची स्पर्धा होती. फोनवर ती म्हणाली, "ताई, तुम्ही वर्कशॉप चालवता. दोन दिवस येऊन नुसतं पाहा. मुलींना बरं वाटेल."

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, बावीस वर्षं झाली. नुसतं बघणं मला त्या बावीस वर्षांत कधी जमलेलं नाही. शेजारणीचा नळ ठिबकत असेल, तर तिने दिलेला चहा संपायच्या आत मी वायसर बदलून मोकळी होते. हा गुण आहे असं मी समजत होते.

गाडी दोन तास उशिराने तुमसर रोडला पोचली. डिसेंबरची सकाळ होती आणि थंडी इतकी, की फलाटावर चहाचा कप पिण्यापेक्षा धरायलाच बरा वाटत होता. तिथून तुमसर गावात आले आणि समोर दिसली त्या काळी-पिवळीत (वाटेत माणसं घेत जाणारी जीप) बसले. हत्यारांची पिशवी टपावर चढवताना ड्रायव्हर वाकला.

"मॅडम, यात काय हाये जी?"

"लोखंड."

"बाप्पा! चिखल्याच्या खाणीतून लोक दगडं भरून बाहेर नेतात, अन् तुम्ही बाहेरून लोखंड घेऊन येऊन राहिल्या!"

"तुम्ही चिखल्यालाच जाताय ना?"

"मी बपेऱ्याले चाललो. त्याच्या पुढे मंग एमपीच लागते. जाता का?"

पिशवी खाली उतरली. दुसऱ्या जीपच्या टपावर ती मी स्वतःच चढवली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या (भातशेतीचे चौकोनी तुकडे) होत्या, आणि त्यांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, तूर उभी होती. इकडे तुरीला वेगळं शेत देत नाहीत. दोन बांध्यांमधल्या दीड हात जागेत ती वाढते आणि शेंगांनी लगडते. मला ही काटकसर फार आवडली. चिखला जवळ आलं तशी झाडांची पानं काळपट होत गेली. मँगनीजची खाण आहे. ट्रक जातात आणि मागे काळी भुकटी ठेवून जातात. माझं वर्कशॉपही याच रंगाचं असल्याने मला लगेच घरच्यासारखं वाटलं.

सुनंदाने मला हात-पाय धुवायला पाणी दिलं आणि तडक शाळेत नेलं. एका जुन्या वर्गात मोठं टेबल, त्यावर पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेलं मैदान, आणि मैदानावर त्या मुलींची 'गाडी'. रोबोट हा शब्द त्या फक्त फॉर्मवर लिहीत. चार डब्यांच्या झाकणांचं अंग, दोन मोठी चाकं, पुढे एक पकड. टेबलाच्या एका टोकाचे तीन छोटे डबे एकेक उचलायचे आणि दुसऱ्या टोकाच्या चौकोनात नेऊन ठेवायचे. हाताने चालवायचं नाही. आधी भरलेल्या प्रोग्रामप्रमाणे गाडीने आपली आपण जायचं.

पाचांपैकी बोलणाऱ्या दोघीच. काजल नववीतली, प्रोग्राम तिचा. ती माणसाशी बोलतानाही गाडीकडे बघून बोले. रोशनी आठवीतली. कापणं, भोकं पाडणं, नट आवळणं तिच्याकडे. हातात ड्रिल आलं की तिला बाकी जगाचा विसर पडे.

"यंदा नागपूर पाह्यचंच हाये, मॅडम," काजल गाडीला म्हणाली. "पहिले दोन नंबर नागपूरले जातात. पुढच्या साली मी दहावीत. दहावीच्या पोट्टीले कोनी गाडीजवळ येऊ देत नाही."

सुनंदाने मान हलवली. शाळेचा तसा नियमच होता. दहावी म्हणजे फक्त अभ्यास. म्हणजे काजलला ही एकच संधी होती.

खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. मांडीवर स्टीलचं भांडं, पायाशी तुरीच्या शेंगांची थैली, आणि ते शेंगा सोलत होते. मला वाटलं, शाळेच्या खिचडीची तयारी चालली असेल. सुनंदाने ओळख करून दिली, "हे बोरकर काकाजी. खाणीत इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर. मुलींचे मार्गदर्शक."

गाडी निघाली, डब्याला धडकली, डबा आडवा झाला. मुली एकमेकींवर ओरडल्या. मार्गदर्शकांनी शेंग फोडली. गाडी पुन्हा निघाली, पुन्हा धडकली. मार्गदर्शकांनी पुन्हा शेंग फोडली. पकड अर्धं बोट खाली हवी होती, हे मला दारातूनच दिसत होतं.

"काकाजी, ती पकड..." मी हळूच म्हटलं.

"हाव जी. दिसून राहिली."

"मग सांगा ना त्यांना!"

"सकाळपासून दिसून राहिली," ते म्हणाले. "म्हणून तं शेंगा आणल्या. हात रिकामे असले का पान्याकडे जातात. अन् हात गेले का तोंडही जाते."

पकड खाली हवी, हे मुलींना कळायला दुपारचे साडेतीन वाजले. तोवर भांडं भरत आलं होतं. काकाजी दिवसभरात एकदाच उठले. रोशनी ड्रिलवर वाकली आणि तिची वेणी पुढे आली, तेव्हा ते "वेणी!" असे गरजले की मीही माझा अंबाडा चाचपला. रोशनीने वेणी गणवेशाच्या आत खोचली. काकाजी परत शेंगांकडे.

गाडीवर एक पुठ्ठ्याची पाटी दोरीने लटकत असे. त्यावर कोणातरी मुलीचं नाव. मी विचारलं, तर काकाजी म्हणाले, "खाणीतली रीत होय. जो माणूस लाइनीवर काम करून राहिला, त्याच्या नावाची पाटी बटनावर लागते. ज्यानं लावली त्यानंच काढाची. मोठा साहेब आला तरी हात नाही लावाचा."

"तिथे माणूस मरेल म्हणून. या गाडीने कोण मरणार आहे?"

"कोनीच नाही," ते म्हणाले. "म्हणून तं मोठ्या माणसाले इथं हात लावाची घाई होते."

हे मला उद्देशून नव्हतं, असं मी ठरवलं.

रात्रीचं जेवण काकाजींकडे होतं. काकूंनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि आम्ही काही सांगायच्या आत म्हणाल्या, "आज गाडी नाही चालली वाटते." हंगामभर त्या स्पर्धेची बातमी अशीच वाचत होत्या. मुलींचं अडलं की सोले (तुरीचे ओले दाणे) ढीगभर, गाडी सुरळीत चालली की मूठभर, आणि मग पानात नुसतं वरण. सोले-वांग्याची भाजी, गरम भात आणि वर भरपूर सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात). मी दोनदा भात घेतला. मुलींच्या चुकांची चव चांगली होती, हे मान्य करायला हवं.

सुनंदाच्या घरी परतताना मी तिला म्हटलं, "मी असते तर ती पकड दहा मिनिटांत बसवली असती."

"माहीत आहे, ताई. मग पुढच्या वेळी तुम्हाला पुण्याहून परत बोलवावं लागलं असतं."

शुक्रवारी गाडी चालली. दहापैकी आठ वेळा तिन्ही डबे चौकोनात. काकाजींच्या भांड्याचा तळसुद्धा झाकला गेला नाही. फक्त एक आवाज माझ्या कानात खुपत होता. उजवं चाक घासत होतं. रोशनीने भोक जरा मोठं पाडलं होतं, त्यामुळे चाक कलून अंगाला लागे आणि प्रत्येक फेऱ्याला 'कर्र' करी. बावीस वर्षं मी असले आवाज बंद करण्याचे पैसे घेते.

दुपारी काजलने गाडीवर आपल्या नावाची पाटी लावली आणि जाहीर केलं, "आता उद्यापर्यंत कोनी हात नाही लावाचा." सगळ्या जणी खिचडीला गेल्या. काकाजी भांडं घेऊन घरी. सुनंदा चहा सांगायला. वर्गात मी, गाडी, आणि साडेचार किलो हत्यारं.

मी पाटी जरा बाजूला सरकवली. एक योग्य मापाचं वायसर घातलं, नट आवळला, चाक बोटाने फिरवून पाहिलं. लोण्यासारखं फिरलं. पाटी परत जागेवर. सगळं मिळून दोन मिनिटं. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं काय त्यात? उलट चहा नेहमीपेक्षा गोड लागला.

शनिवारी सकाळी पाचही मुली, सुनंदा, काकाजी आणि मी जीपने मोहाडी, वरठी करत भंडाऱ्याला आलो. तिथे तर्री-पोहे खाल्ले आणि त्यातली अर्धी तर्री मी स्वेटरवर घेतली. मग शहापूर. स्पर्धा हायवेवरच्या एका लॉनमध्ये (इकडे मंगल कार्यालयाला लॉन म्हणतात) होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं मंचावर तशीच होती, त्यामुळे तिन्ही परीक्षक 'नीलेश संग प्रणाली' यांच्या खाली बसले होते. मुलं दोरीच्या आत, मोठी माणसं दोरीच्या बाहेर. दोन फेऱ्या, मध्ये वीस मिनिटं, दोन्ही फेऱ्यांचे गुण आणि मुलांशी बोलण्याचे गुण एकत्र.

शेजारच्या टेबलावर एक चकचकीत रोबोट होता. त्याच्यामागे टाय लावलेला मुलगा आणि दोरीच्या बाहेर त्याचे वडील. रोबोटवर किती मेहनत घेतली होती, ते वडिलांच्या डोळ्यांखाली दिसत होतं. परीक्षक बाईंनी मुलाला विचारलं, "ही लाल वायर कशासाठी?"

मुलाने वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "तो फीडबॅक आहे, मॅडम."

"आणि हे?"

"ते मी नंतर बदललं... म्हणजे त्याने बदललं."

"सर," बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही कितवीत आहात?"

मी मनापासून हसले. सुनंदाच्या कानाशी लागून म्हटलं, "या बापांना घरीच बांधून ठेवायला पाहिजे." हे वाक्य मी का लिहून ठेवते आहे, ते लगेच कळेल.

आमच्या मुलींची पहिली फेरी. गाडी निघाली. 'कर्र' नाही, आवाज नाही, पाण्यावरून जावी तशी गेली, आणि सरळ जायच्या ऐवजी डावीकडे वळत वळत टेबलाच्या काठावर जाऊन आपटली. एकही डबा नाही. दुसऱ्यांदा सोडली, पुन्हा डावीकडे. वेळ संपली. गुण शून्य.

काजल गाडी छातीशी धरून दोरीजवळ आली. चेहरा पांढरा पडला होता. "माहा प्रोग्रामच चुकला," ती म्हणाली. "काल तं चालत होता. मी रात्री काही बदललं का? मले आठवत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो सुखाचा नव्हता. चाक घासत होतं म्हणून गाडी उजवीकडे ओढली जाई. ते सावरायला काजलने उजव्या मोटरला जास्त जोर दिला असणार. घासणं मी बंद केलं. जोर तेवढाच राहिला.

गप्प बसता आलं असतं. दोन सेकंद तसा विचारही केला, खोटं कशाला बोलू. पण ती पोर आपल्या आठवणीवर संशय घेत होती.

"काजल, काल दुपारी मी उजवं चाक घट्ट केलं. घासत होतं म्हणून."

तिने पहिल्यांदाच गाडी सोडून माझ्याकडे पाहिलं. "कवा?"

"तुम्ही जेवायला गेल्या होत्या तेव्हा."

"पाटी लागून होती ना?"

"होती."

"मंग?"

रोशनी मध्येच उसळली, "अवं मॅडम, घासत होतं म्हणून तं हिनं त्या मोटारीले जास्ती जोर देल्ता! आमाले माहीत होतं ना!"

माझा हात आपसूक पिशवीकडे गेला. पाना काढून दोन मिनिटांत पूर्ववत करून देते, असं तोंडावर आलं होतं. काकाजींनी माझ्या तळहातावर तुरीच्या शेंगा ठेवल्या. मूठभर.

"घ्या जी," ते म्हणाले.

मी घेतल्या.

दोरीच्या आत दोघींचं चाललं होतं. "दोन्ही मोटारीचा जोर सारखा केला तं?" रोशनी. "किती सारखा? चालवून पाहाले जागा कुठी हाये? मैदानावर आता नाही जाऊ देत." काजल. मग तीच म्हणाली, "वायसर काढ. आपल्याले आपलं बिघडलेलंच चाक पाह्यजे."

मग मी आयुष्यात न पाहिलेली दुरुस्ती पाहिली. रोशनीने वायसर काढलं, नट थोडा सैल केला, गाडी उचलून कानाशी धरली आणि चाक फिरवलं. "नाही, आपलं एवढं नोहोतं ओरडत." नट जरा घट्ट. "आता कमी झालं." काजलनेही कान लावला. पाचही जणींनी आळीपाळीने कान लावले. खरं तर आसावर एक ओरखडा होता. नट पूर्वी कुठे होता, त्याची खूण मला दोरीबाहेरून स्पष्ट दिसत होती. सांगून टाकावं का? आधीच इतकं बिघडवलंय, निदान एवढी तरी मदत? मी शेंग फोडली. दुसरी फोडली. एक दाणा उडून परीक्षकांच्या दिशेने गेला.

"हाव," रोशनी म्हणाली. "हे आपलं."

दुसऱ्या फेरीत गाडी 'कर्र कर्र' करत निघाली आणि सरळ गेली. पहिला डबा चौकोनात. दुसरा चौकोनात. तिसरा रेषेवर, निम्मा आत. इतका कर्कश आवाज मला इतका गोड कधी लागला नव्हता. परीक्षक बाईंनी विचारलं, "हे चाक घासतंय, माहीत आहे का?" आणि काजलने सगळं सांगितलं: भोक मोठं कसं पडलं, जोर किती वाढवला, मघाशी गाडी डावीकडे का गेली. "त्या मॅडमनं नीट केलं ना, म्हणून बिघडलं," असं म्हणून तिने माझ्याकडे बोट केलं. तिन्ही परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. चकचकीत रोबोटच्या वडिलांनीही पाहिलं, आणि जागा करून देत जरा सरकले. आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो. मी त्यांना थोड्या शेंगा दिल्या.

बोलण्याचे पूर्ण गुण मिळाले. दुसऱ्या फेरीचे जवळजवळ पूर्ण. पहिल्या फेरीचं शून्य मात्र शून्यच राहिलं. चिखला तिसरं आलं. नागपूरला दोनच जाणार होते.

काजल माझ्यासमोर आली आणि माझ्या हातावर ते वायसर ठेवलं. "हे तुमचं."

"माझ्यामुळे गेलं नागपूर," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली.

'नाही मॅडम, असं काही नाही' वगैरे तिने म्हटलं नाही. वायसर मी पर्समध्ये ठेवलं.

परतताना जीपमध्ये मी रोशनीला ओरखड्याचं सांगितलं. मला खूण दिसत होती, पण मी मुद्दाम बोलले नाही, वगैरे. जरा शाबासकीची अपेक्षा होती.

"तो ओरखडा दिवाळीचा होय, मॅडम," रोशनी म्हणाली. "त्याच्यानंतर आम्ही चाक दोनदा हलवलं. बरं झालं नाही सांगितलं. आम्ही ऐकलं असतं ना तुमचं."

काकाजी खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

वरठी मागे पडली तेव्हा रोशनीने गाडी मांडीवर घेऊन उजवं चाक उघडायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी चमू तिचा. भोक नव्याने पाडायचं तिच्या मनात होतं. तिने पाना उलटा लावला. काजलचा हात पुढे झाला, "अवं, अशी नोको..." आणि काकाजींनी थैली तिच्यापुढे धरली.

तिने थैलीकडे पाहिलं. मग काकाजींकडे. मग थैलीत हात घातला आणि मूठभर शेंगा घेतल्या. तुमसर येईपर्यंत ती सोलत होती. पहिले काही दाणे तिने दाबून पार चेचले.

मोठ्या माणसांनी मुलांच्या कामात किती हात घालावा, याचं माप मला या प्रवासात मिळालेलं नाही. वेणी ड्रिलमध्ये जात असेल तर ओरडावं, एवढं नक्की. आपण काही बिघडवलं असेल तर त्यांना लगेच सांगावं, हेही नक्की. मधलं सगळं अवघड आहे, आणि त्यासाठी काकाजींकडे जो उपाय आहे तो फक्त तुरीच्या हंगामात चालतो. सुनंदाचा परवा फोन आला होता. शाळा सुटल्यावर अर्धा तास दुसरी एक खुर्ची खिडकीपाशी येते म्हणे. दहावीला गाडीला हात लावायला बंदी आहे, शेंगा सोलायला नाही, असा निवाडा मुख्याध्यापकांनी आगाऊच देऊन ठेवला आहे. काजलचं भांडं काकाजींच्या भांड्यापेक्षा लवकर भरतं.

इकडे भोसरीत माझे फिटर जाधव मध्यंतरी एक नवा सांगाडा जोडत होते. वीस वर्षं माझ्याकडे आहेत. ते बोल्ट चुकीच्या क्रमाने लावताहेत असं मला वाटलं. मी स्टुलावर बसले आणि पिशवीतून मटार काढला. पाच मिनिटांनी जाधवांनी काम थांबवून विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाही का?"

पुण्यात तूर कुठून आणू? गेल्या आठवड्यात आमच्याकडे पाच दिवस मटारची भाजी झाली. सहाव्या दिवशी नवऱ्याने पातेल्याचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि म्हणाला, "आज कोणाचं काय बिघडलं होतं?"